'रिकव्हरी'ला काय म्हणायचं? (हायवॉल मायनिंग)

वणीकर: एका खाणलेखाचं मराठी करतोय. खुल्या खाणीची शेवटची उभी भिंत म्हणजे हायवॉल. तिच्यामागचा कोळशाचा थर वरची माती काढून मिळवणं परवडत नाही, म्हणून पायथ्याशी यंत्र लावून थरात समांतर भोकं पाडतात. माणूस आत जात नाही, कटर तीनशे मीटरपर्यंत जातो. तेलंगणातल्या सिंगरेणी कोळसा कंपनीनं रामगुंडमला हे केलंय. 'रिकव्हरी'ला मी 'पुनर्प्राप्ती' लिहिलं, तर संपादक म्हणाले, "हरवला कधी होता?"

कारखान्यावरचा: उतारा! साखर उतारा म्हणतोच की आपण.

सर्व्हेअर: थांबा. १०० किलो उसातून ११ किलो साखर निघाली की ११ टक्के उतारा. उरलेली ८९ टक्के साखर वाया गेली असं नाही, तिथं चोथा आणि पाणीच जास्त. हायवॉलचा हिशेब वेगळा: जागेवर होता त्यातला किती हाती आला? समजा भोक ३.५ मीटर रुंद आणि दोन भोकांमध्ये राखलेला खांब २.५ मीटर. म्हणजे सहा मीटरांत साडेतीन, ५८ टक्के. छताला-तळाला सोडलेला कोळसा यातून वजा. खांब बारीक केला की टक्का वाढतो, पण खांब चिरडले तर भिंत यंत्रावर येते. वॉशरीत धुऊन जो कोळसा निघतो, त्याला मात्र खुशाल उतारा म्हणा.

वणीकर: मग 'वसुली'? बँकेची नोटीस आठवते.

सर्व्हेअर: आठवू द्या. येणं किती, आलं किती, हिशेब तोच आहे.

कारखान्यावरचा: बरं, भोकं पाडायच्या 'ऑगर'ला तरी आमचं 'गिरमिट' घ्या. सुताराचं असतं तेच, फक्त राक्षसी.

सर्व्हेअर: हे पटलं. गिरमिटाचं भोक गोल. चौकोनात बसवलेलं वर्तुळ साधारण ७८.५ टक्केच जागा घेतं, कोपऱ्यांतला कोळसा तिथंच राहतो. कटरचं भोक आयताकृती असतं, त्याचा एक फायदा हाच.

वणीकर: आणि हायवॉल? 'दरड' कसं वाटतं?

सर्व्हेअर: नको हो. दरड म्हटलं की पुढचा शब्द 'कोसळली'. हायवॉलच राहू द्या, खाणीतले तेच म्हणतात.

वणीकर: ठीक. नामाचा नाद सोडला आणि लिहिलं, "हायवॉलमागच्या थरातला ५८ टक्के कोळसा निघाला." संपादकांनी फक्त 'थरातला'च्या जागी 'थरातून' केलं. मी ते परत बदललं, टक्के कशाचे ते कळायला हवं ना.