कालवा फोडून नदी केली तर पक्षी-प्राणी खरंच परत येतात का?

बोरिवलीकर७७
दिवाळीत ताईकडे सिंगापूरला गेलेलो, ती बिशान पार्कजवळ राहते. सकाळी फिरायला गेलो तर नदीत पाणमांजरांचं अख्खं कुटुंब, मासे धरून काठावर कडाकडा खातायत आणि बाजूने लोक आपले जॉगिंग करतायत, मी तर जागच्या जागी उभाच राहिलो. ताई म्हणते हा पूर्वी सिमेंटचा कालवा होता. आपली दहिसर नदी मी रोज बघतो, नॅशनल पार्काच्या गेटच्या आत खंड्या हमखास दिसतो, बाहेर भिंती सुरू झाल्या की गायब. नुसतं पाणी साफ केलं की येतील का हे सगळे?

मीरा_पक्षीवेडी
ताई बरोबर बोलली. कलांग नदीचा २.७ किमीचा सरळ कालवा होता तो, फोडून ३.२ किमीची वळणावळणाची नदी केली, २०१२ ला पार्क नव्याने उघडलं. काठाला दगड, झाडं आणि मुळं, भिंत नाही. पाणमांजरं कोणी आणून सोडली नाहीत, स्वतःहून आली.
आता तुमचा खंड्या. तो मातीच्या उभ्या दरडीत बीळ खणून अंडी घालतो. भिंतीत कुठे खणणार बिचारा? पाणकोंबडीलाही लव्हाळं-गवत लागतंच. त्यामुळे पाणी साफ हवंच, पण काठ मातीचा राहिला पाहिजे हो.

दहिसरचा_सुहास
पटलं, पण २६ जुलै २००५ विसरलात का? एका दिवसात ९४४ मिमी पाऊस. आमच्या तळमजल्यावर छातीभर पाणी होतं, आई माळ्यावर बसलेली. भिंत काढा म्हटलं की चाळीतल्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

मीरा_पक्षीवेडी
सुहासदादा, भीती खरी आहे. बिशानला पाऊस वाढला की नदी आजूबाजूच्या हिरवळीवर पसरते, लोकांना आधीच इशारा देऊन बाहेर काढतात. तेवढी मोकळी जागा आपल्याकडे गेटबाहेर नाही, काठाला घरं आणि तबेले आहेत, तिथे हे जमणार नाही असंच मला वाटतं. पण पार्कच्या आत आणि जिथे जिथे मैदान लागून आहे तिथे नवी भिंत तरी घालू नये.

बोरिवलीकर७७
म्हणजे आत जी मातीची दरड आहे तीच राखायची. उद्या जाऊन बिळं बघतो.

मीरा_पक्षीवेडी
बघा, पण लांबून. पावसाळ्याआधी बिळात पिल्लं असतात, आपण समोर उभे राहिलो की खंड्या चोचीत मासा घेऊन फांदीवरच अडकून बसतो.