टायट्रेशन: 10 मिलीऐवजी 10.6 लागतं, आणि गुलाबी रंग टिकत नाही

प्रश्न
ऑक्झॅलिक आम्लाचे 1.576 ग्रॅम स्फटिक घेऊन 250 मिली द्रावण केलं (0.05 मोलार, म्हणजे लिटरमागे 0.05 मोल). सोडियम हायड्रॉक्साइड 1 ग्रॅम, तेही 250 मिलीत. पिपेटने (ठरावीक माप उचलणारी नळी) 10 मिली आम्ल, दर्शक (रंग बदलून शेवट दाखवणारा) फिनॉल्फ्थॅलिन. हिशेबाने ब्युरेटमधून (खुणा आणि तोटी असलेली नळी) सोडियम हायड्रॉक्साइड 10 मिली जायला हवं, पण रीडिंग 10.6, 10.9, 10.5 येतात. आलेला रंगही थोड्या वेळाने जातो. आम्लाचं वजन चुकलं का? रंग गेला की पुन्हा थेंब टाकायचा का?

उत्तर 1
वजन बरोबर आहे. स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणून रेणुभार 126 धरायचा, 90 नाही. 90 धरून वजन केलं असतं तर आम्ल पातळ होऊन रीडिंग 7 च्या आसपास आलं असतं.

गडबड सोडियम हायड्रॉक्साइडची. त्याच्या गोळ्या तराजूवरच हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात. 1 ग्रॅम दिसतो, पण त्यात अल्कली (खरं सोडियम हायड्रॉक्साइड) कमी भरते. म्हणून ते वजन करून ‘0.1 मोलार’ लिहायचंच नसतं. आम्ल प्रमाणित (तीव्रता पक्की माहीत असलेलं), त्यावरून अल्कलीची तीव्रता काढायची. आम्लाच्या एका रेणूला अल्कलीचे दोन लागतात, म्हणून 10.6 मिलीला 2 × 0.05 × 10 ÷ 10.6 = 0.0943 मोलार. तुमचं 10.6 हे चुकीचं उत्तर नाही, तेच उत्तर आहे.

रंगाबद्दल: पात्र हलवताच रंग गेला तर अंत्यबिंदू (आम्ल संपल्याची खूण) आलेला नाही, थेंब टाका. फिकट गुलाबी 30 सेकंद टिकला की रीडिंग घ्या. नंतर तो उडाला तरी हात लावू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पीएच 8.2 च्या खाली येतो, एवढंच.

उत्तर 2
10.5 आणि 10.9 मधली तफावत मात्र हाताची आहे. नळीच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला आणि मध्येच निघाला, तर रीडिंग तेवढं वाढतं. फनेल ब्युरेटवर तसंच ठेवलं तर त्यातले थेंब नंतर आत पडतात. आणि शंकूपात्र कशाने विसळता?

प्रश्नकर्ता
आम्लानेच. ब्युरेट-पिपेटसारखं. मिथिल ऑरेंज वापरलं तर रंग नीट दिसेल का?

उत्तर 2
मग 10.9 तिथूनच आलं असणार. पात्राला चिकटून राहिलेलं आम्ल पिपेटच्या 10 मिलीत मोजलेलं नसतं, पण अल्कली खातं. पात्र फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा; ते ओलं राहिलं तरी आम्लाचे मोल बदलत नाहीत. पिपेटचं टोक पात्राला टेकवा, शेवटचा थेंब फुंकू नका.

शेवटी शेवटी थेंब टोकाला अर्धवट लोंबू द्या, पात्राच्या भिंतीला टेकवा आणि पाण्याने खाली उतरवा. एक पूर्ण थेंब साधारण 0.05 मिली असतो, त्यामुळे दोन थेंब जास्त पडले की दोन रीडिंगमधल्या फरकाची 0.1 मिलीची मर्यादा संपली.

उत्तर 1
मिथिल ऑरेंज नको. त्याचा रंग 3.1 ते 4.4 पीएचला बदलतो. तेव्हा आम्लाचा दुसरा हायड्रोजन जेमतेम निम्मा उदासीन झालेला असतो. रंग हळूहळू सरकेल, ठळक बदल मिळणारच नाही. काम झाल्यावर ब्युरेट लगेच धुवा, नाहीतर काचेची तोटी अल्कलीने घट्ट बसते.