चर्चा: स्वस्त पर्यायी गोळी द्यायचा अधिकार गल्लीतल्या मेडिकलला मिळावा का?

पूर्वभागकर

सोलापुरातल्या आमच्या पूर्व भागात यंत्रमागावर राबणारी माणसं आणि घरी विड्या वळणाऱ्या बायका जास्त. चाळिशी ओलांडली की बीपी नाहीतर शुगर मागे लागतेच. सिव्हिलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, गोळ्या मिळाल्या तर ठीक, नाहीतर गल्लीतलं मेडिकल. तिथं संध्याकाळी थोडा वेळ उभं राहा, तेच ते ऐकू येतं: "चारच द्या." मेडिकलवाला कात्रीनं पट्टी कापतो. बॅच नंबर आणि मुदत छापलेला तुकडा बहुतेक वेळा दुकानात उरतो. बाई चार गोळ्या पदराला बांधून जाते. चिठ्ठीवर मात्र महिनाभराच्या ३० लिहिलेल्या असतात. बीपीची गोळी अशी चार दिवस खायची, आठ दिवस सोडायची, आणि मग एखाद्या सकाळी अर्धं अंग लुळं पडतं. आमच्या गल्लीत हे सगळ्यांनी पाहिलंय.

त्याच औषधाची स्वस्त पट्टी शेजारच्या कप्प्यात असू शकते. पण औषध नियमावलीतला ६५वा नियम सांगतो की शेड्यूल एचचं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारं, औषध चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच द्यायचं. आतला घटक तोच असला तरी दुसरी कंपनी चालत नाही. म्हणजे ज्याला पर्याय माहीत आहे त्याचेच हात बांधलेले.

सरकारची स्वस्त औषधांची जनऔषधी योजना २००८ साली सुरू झाली, आज देशात १५ हजारांहून जास्त केंद्रं आहेत. चांगलं काम आहे, मी स्वतः लोकांना तिकडे पाठवतो. पण कुंभारीच्या वसाहतीतल्या बाईनं रोजची मजुरी बुडवून, रिक्षाचं भाडं घालून केंद्र शोधत यायचं म्हटलं की गोळीत वाचलेले पैसे वाटेतच संपतात. मेडिकल तिच्या दारात आहे, म्हणून बळ द्यायचं तर त्यालाच द्या. नोंदणीकृत फार्मसिस्टला पर्यायी गोळी द्यायचा कायदेशीर अधिकार द्या, आणि त्याची कमाई गोळीच्या किमतीवरून ठरवणं बंद करा.

दुसरं का, ते सांगतो. किंमत नियंत्रणातल्या औषधावर दुकानदाराचा नफा त्याच्या खरेदी किमतीवर १६ टक्के धरलेला असतो. कर सोडला तर २० रुपयांच्या पट्टीवर पावणेतीन रुपये सुटतात, २०० रुपयांच्या पट्टीवर साडेसत्तावीस. कष्ट तेवढेच. मग स्वस्त पट्टी पुढे का करेल कुणी? त्याला नग मोजून ठरावीक सेवाशुल्क द्या, मग स्वस्त गोळी दिल्यानं त्याच्या पोटाला चिमटा बसणार नाही.

होटगी रोडचा डॉक्टर

कळकळ समजते, पण अधिकार देण्याला माझा ठाम विरोध आहे.

थायरॉइडची, फिटची आणि रक्त पातळ करणारी औषधं घ्या. यांच्यात कंपनी बदलली आणि रक्तातलं प्रमाण थोडं जरी हललं तरी पेशंटला भोगावं लागतं. फिट येणं दोन वर्षं थांबलेला मुलगा पुन्हा पडला तर त्याचे वडील माझ्या दारात येतील, मेडिकलवाल्याच्या नाही. आणि काउंटरवर असतं कोण? भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं, चिठ्ठी वाचणारा पोरगा दुसराच. हा अधिकार त्या पोरग्याला द्यायचा का?

२०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं डॉक्टरांना जेनेरिक नावच, म्हणजे कंपनीऐवजी आतल्या घटकाचं नाव, लिहायची सक्ती केली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती स्थगित झाली. आमचं म्हणणं तेव्हाही हेच होतं की आधी प्रत्येक बॅचच्या दर्जाची खात्री द्या.

जुळे सोलापूर मेडिकल

डॉक्टरसाहेब, काउंटरवरच्या पोरग्याचं म्हणालात ते खोटं नाही. फार्मसिस्ट हजर नसेल तर हा अधिकार मिळूच नये, हे मीही म्हणतो. पण दुसरी बाजूही ऐका की.

माझ्याकडे टेल्मीसार्टन ४० या बीपीच्या गोळीच्या दहा-बारा कंपन्यांचा माल पडून आहे. का? कारण चौकातला प्रत्येक डॉक्टर वेगळी कंपनी लिहितो. एखाद्यानं कंपनी बदलली की जुना माल तसाच राहतो. मुदत संपली की स्टॉकिस्टकडे (घाऊक विक्रेत्याकडे) परत पाठवा, पैसे मिळतील तेव्हा मिळतील. पर्याय द्यायची मुभा असती तर दोन चांगल्या कंपन्यांचा माल ठेवून भागलं असतं. अडकलेला पैसा सुटला असता, त्यात उधारीवाल्या गिऱ्हाइकाला महिन्याच्या पूर्ण गोळ्या देता आल्या असत्या. स्वस्त औषध ठेवायला दुकानात मोकळं भांडवल लागतं, हे कुणी बोलत नाही.

सेवाशुल्काचं मात्र पटत नाही. ते देणार कोण? ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा फार्मसीला चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे पैसे देते, कारण तिथं औषधाचं बहुतेक बिलही सरकारच भरतं. इथं बिल भरते ती विडीवाली बाई.

कन्ना चौक

मेडिकलवाले दादा, सगळंच सांगा की. ज्या जेनेरिक पट्टीवर एमआरपी १०० छापलेली असते, ती काही वेळा दुकानात २०-२५ ला येते. तुम्ही "निम्म्या किमतीत देतो" म्हणता, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि नफा ब्रँडेडपेक्षा जास्त सुटतो. कंपनीच्या नावाशिवाय दुसरा फरक नसलेल्या मालावर एवढी किंमत छापू देतातच कशी? माझ्या वडिलांच्या गोळ्या मी वर्षभर अशाच आणत होतो. जनऔषधी केंद्रात तोच घटक बघितला तेव्हा कळलं की "सवलत" कशाला म्हणत होते.

अशात पर्याय द्यायचा अधिकार मिळाला तर पट्टी बदलेल, पण वाचलेला पैसा पेशंटच्या खिशात जाणार नाही. म्हणून माझा विरोध. आधी छापील किमतीला लगाम घाला. जी औषधं किंमत नियंत्रणाच्या यादीत नाहीत, त्यांची पहिली किंमत कंपनीच ठरवते आणि वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. दुखणं तिथं आहे.

पूर्वभागकर

कन्ना चौकवाले दादा, हा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणून अधिकाराला अट जोडा: दिलेली गोळी लिहिलेल्या गोळीपेक्षा पेशंटला स्वस्त पडलीच पाहिजे, आणि दोन्ही किमती बिलावर छापल्या पाहिजेत. लपवाछपवी तिथंच थांबते. वर डॉक्टरांनी सांगितलेली थायरॉइड-फिटसारखी औषधं वगळून यादी करा. बाहेरच्या बऱ्याच देशांत डॉक्टर चिठ्ठीवर "बदलू नये" अशी खूण करतो, बाकीचं फार्मसिस्ट बदलू शकतो. अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी, त्यांना फिटच्या औषधाचा नियम का लावायचा?

जनऔषधीत काम करणारी

दर्जाबद्दल एक सांगते. आमच्याकडे येणाऱ्या मालाची प्रत्येक बॅच एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत तपासूनच पुढे जाते. तरी लोक विचारतात, "ताई, एवढं स्वस्त, गुण येईल ना?"

आमची अडचण वेगळी आहे. चिठ्ठीवर चार औषधं असतात, त्यातलं एक आमच्याकडे नसतं. मग माणूस चारही परत करतो आणि मेडिकलमध्ये एकदमच घेतो. आम्हाला छापील किमतीवर २० टक्के मिळतात, पण किमतच एवढीशी की त्यातून भाडं, वीज आणि फार्मसिस्टचा पगार काढताना केंद्र चालवणारा मेटाकुटीला येतो. म्हणून नग मोजून पैसे द्यायची कल्पना मला पटते. सरकारनं सुरुवात आमच्यापासून करावी. शेजारच्या मेडिकललाही हाच माल ठेवू दिला तर त्या चौथ्या गोळीसाठी कुणी परत फिरणार नाही.

सिव्हिलमधली सिस्टर

माझ्या मनातली भीती कुणीच लिहिली नाही. आमच्या वॉर्डात आलेल्या एका आजींच्या पिशवीत दोन पट्ट्या होत्या. एक गुलाबी गोळ्यांची, एक पांढऱ्या. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, घटक एकच, बीपीचा. आजी दोन्ही खात होत्या. जुनी डॉक्टरांची म्हणून आणि नवी मेडिकलवाल्यानं दिली म्हणून. चक्कर येऊन मोरीत पडल्या. त्यांना मराठी नीट वाचता येत नव्हतं, घरी तेलुगू बोलतात. पट्टीवरचं इंग्रजी तर सोडाच.

त्यामुळे पर्याय द्यायला माझी ना नाही, पण न समजावता दिलेला पर्याय मला नको. जुनी पट्टी आणायला लावा. तिच्या बदल्यात ही, हे तिच्या भाषेत सांगा. सकाळची असेल तर पट्टीवर सूर्य काढून द्या. याला पाच मिनिटं लागतात, आणि सेवाशुल्क द्यायचंच असेल तर या पाच मिनिटांचं द्या.

होटगी रोडचा डॉक्टर

सिस्टर, तुम्ही सांगितलेल्या आजींसारखे पेशंट माझ्याकडेही येतात, म्हणून तर मी घाबरतो.

कायदा बदलेपर्यंत माझ्या हातात आहे ते करायची तयारी आहे. बीपी आणि शुगरच्या जुन्या पेशंटना मी कंपनीऐवजी घटकाचं नाव लिहून देईन, मोठ्या अक्षरात. त्याला नियम आजही आड येत नाही. मग कुठली कंपनी द्यायची ते मेडिकलनं ठरवावं. मात्र जुळे सोलापूरच्या दादांनी सांगावं: घटकाचं नाव बघून तुम्ही सगळ्यात स्वस्त पट्टी काढणार, की सगळ्यात जास्त सुटणारी?

जुळे सोलापूर मेडिकल

साहेब, तुम्ही लिहा. माझ्या दुकानात त्या घटकाच्या जेवढ्या पट्ट्या आहेत त्यांचे भाव मी काउंटरवर मराठीत आणि तेलुगूत लिहून लावतो, गिऱ्हाईक बोट दाखवेल ती देतो. पण माझ्या शेजारच्या तीन दुकानांनी तसं केलं नाही, तर माझा धंदा किती महिने टिकेल याचं उत्तर पूर्वभागकरांनी द्यावं.