दिवाळीनंतर बोअर मारायच्या असतील तर मे महिन्यात चर कशाला खणायचे?

ओढ्याकाठचा
काल इथे एकाने लिहिलं की गावकऱ्यांनी आळस झटकून ४५ दिवस श्रमदान केलं तर महाराष्ट्रात टँकर दिसणार नाही, आणि ज्या गावात अजून टँकर येतो त्या गावाची तीच लायकी. हे वाचून गप्प बसवत नाही.

मी पारनेर तालुक्यातला. आमच्या गावाने श्रमदान केलं आहे. माथा ते पायथा, रीतसर. वर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत खणलेले, मधे अनगड म्हणजे न घडवलेल्या दगडांचे बांध, खाली नाल्यावर मातीचे बांध. म्हाताऱ्या बायकांनी पाट्या वाहिल्या. पहिल्याच पावसाळ्यात विहिरी तुडुंब भरल्या. आणि दिवाळी उरकली तशा बोअरच्या गाड्या गावात शिरल्या. ज्यांनी एक टोपलं माती उचलली नव्हती त्यांनी ५००-६०० फूट मारल्या. दोन वर्षांत टँकर परत आला. यात आळस कुणाचा? मुरलेलं पाणी कुणी किती उपसायचं, हे गावाने ठरवलंच नव्हतं.

आपल्या जमिनीखाली काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत, म्हणजे जागाच थोडी. पाणी राखण्यासाठी गाजलेल्या नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला सहली जातात, चर बघून परत येतात. तिथे शेतीसाठी बोअर बंद आहे, ऊस-केळी बंद आहे, दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरतात. हे कुणी घरी नेत नाही. राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेवर ९,६३३ कोटी खर्चूनही भूजल फारसं वाढलं नाही असं सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने २०२० मध्ये लिहिलं, तरी आपण अजून खोदकामाचेच घनमीटर मोजतोय.

डाळिंबवाला
बोअर नको, ऊस नको, केळी नको. मग पोरांची फी बाजरीवर भरू का? माझ्या बापाने ७२चा दुष्काळ खडी फोडून काढला. बागेने आम्हाला पक्कं घर दिलं. मी शेततळं केलंय, ठिबक केलंय, पाण्याचा थेंब वाया घालवत नाही. आणखी काय करायचं ते सांगा.

ओढ्याकाठचा
शेततळं भरता कशाने? पावसाने की बोअरने? ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात सुमारे २० लाख लिटर पाणी बसतं. खाली प्लास्टिक अंथरलेलं, म्हणजे जमिनीत काही मुरत नाही. वरून उन्हाने वर्षाला दीड-दोन मीटरचा थर उडतो. गावाचं पाणी उपसून तुम्ही उन्हात ठेवता आणि त्याला जलसंधारण म्हणता.

डाळिंबवाला
बोअरने भरतो. सगळेच भरतात. मी नाही भरलं तर शेजारी भरणार आहे. आधी त्याची बंद करा, मग माझ्याकडे या.

भूजल_निवृत्त
दोघांनाही सांगतो. २००९चा भूजल कायदा सरकारने अधिसूचित केलेल्या भागात ६० मीटरच्या खाली शेतीसाठी बोअर घेऊ देत नाही. म्हणजे साधारण २०० फूट. कायदा आहे, विचारणारं कुणी नाही. दुसरं, नाला खोलीकरणाचा सोस आवरा. पोकलेनने वाळू-मुरूम काढून पाषाण उघडा पाडला की पाणी फोटोत छान दिसतं, मुरत मात्र नाही. माथ्यावर काम न करता नाला खोल केला तर दोन पावसांत गाळाने भरतो.

कोरेगावचा
श्रमदानाला नावं ठेवणं सोपं आहे. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या श्रमदानाच्या स्पर्धेच्या पहिल्या वर्षी, २०१६ साली, आमच्या तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. एकमेकांचं तोंड न बघणारी भावकी तेव्हा एका चरात उतरली. गाव एकत्र आलंच नाही तर तुमच्या ताळेबंदाचा ठराव करणार कोण?

ओढ्याकाठचा
बरोबर आहे तुमचं. श्रमदानाने गाव एकत्र येतं, मान्य. पण ठराव त्याच उन्हाळ्यात झाला पाहिजे. विहिरी भरल्यावर कुणी सही करत नाही.

शेळीवालीची_लेक
तुमचे ठराव झाले की काय होतं ते मी सांगते. आमच्या गावात माथ्यावर चर काढले, झाडं लावली आणि चराईबंदी केली. माझ्या आईकडे नऊ शेळ्या होत्या. आम्हाला जमीन नाही, विहीर नाही. चर खणायला आई रोज होती. बंदी आली तशा शेळ्या विकाव्या लागल्या. पाणी वाढलं ते खालच्या बागायतदारांचं. वरच्या माळाची किंमत आम्ही दिली, खालच्या विहिरीत आमचा वाटा किती?

डाळिंबवाला
शेळी रोप ठेवत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. चराईबंदी नसती तर एक झाड जगलं नसतं. पाणी वाढलं म्हणून तुमच्या लोकांना आमच्या बागेत काम मिळालं, ते का नाही सांगत?

शेळीवालीची_लेक
काम मिळालं? माझी आई स्वतःच्या जनावरांची मालकीण होती, आता तुमच्या बागेत रोजाने जाते आणि तुम्ही उपकार मोजताय! माळ शेळीने उघडा पडला म्हणता. वखारीला लाकूड कुणी विकलं ते तुमच्या वडीलधाऱ्यांना विचारा.

डाळिंबवाला
वडीलधाऱ्यांवर जायचं काम नाही.

कोरेगावचा
दोघंही थांबा. बंदी घालायची तर गवत वाटून द्यायला हवं. हिवरे बाजारात जनावर सोडू देत नाहीत, पण विळ्याने गवत कापून नेऊ देतात.

शेळीवालीची_लेक
कापून आणायचं कुणी? डोक्यावर भारा घेऊन डोंगर उतरणारी परत बाईच. आणि शेळी पाल्यावर जगते, नुसत्या वाळल्या गवतावर नाही. आळीपाळीने माळाचे तुकडे बंद ठेवा, दोन-तीन वर्षांनी उघडा. धनगर पिढ्यान्पिढ्या फिरत आले, त्यांना विचारून बघा. सरसकट बंदी फक्त ज्यांच्या दावणीला म्हशी आहेत त्यांना परवडते.

पौडरोड
शहरात बसून बोलतोय, रागावू नका. पुण्यात १००० चौरस फुटांच्या गच्चीवर पावसाळ्यात निदान ५० हजार लिटर पाणी पडतं. आमच्या सोसायटीने ते गटारात न सोडता शोषखड्ड्यात घेतलं.

डाळिंबवाला
आणि प्यायला धरणाचं पाणी. ज्यांची गावं धरणात गेली ते टँकरची वाट बघतात. गच्चीचं कौतुक नंतर.

पुरंदरकर
शेळीवालीच्या लेकीच्या प्रश्नाला उत्तर आमच्याकडे दिलं गेलं होतं. ७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखेंनी आमच्या तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायची व्यवस्था, उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणशी. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही हक्क. ऊस बंद. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नव्हता, जमीन विकली तरी तो तिच्यासोबत जात नव्हता. घरात किती माणसं आहेत हे मोजून पाणी वाटलं की कोण किती उपसतो यावर सगळ्यांची नजर राहते. माथ्यावर शेळ्या सोडणारी बाई त्या पाण्याची मालकीण असेल तर चर फुटू नये म्हणून तीच राखण करेल.

डाळिंबवाला
माणशी अर्धा एकर? माझी चार एकर बाग वाळू द्यायची का? कुणी ऐकणार नाही हे.

ओढ्याकाठचा
बाग वाळू द्या असं कुणी म्हटलेलं नाही. नवी लागवड थांबवा, नवी बोअर थांबवा, तळं फक्त ओढ्याच्या पावसाळी पाण्याने भरा. एवढं मान्य करता का ते सांगा. शेळ्यांचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. आमच्या गावच्या चराईबंदीच्या ठरावावर माझीही सही आहे.

डाळिंबवाला
नवी बोअर नाही, हे शेजाऱ्याने लिहून दिलं तर मीही देईन. तळ्याचं आताच कबूल करत नाही. यंदा बहार धरलाय.

शेळीवालीची_लेक
सही आहे म्हणता, तर पुढच्या ग्रामसभेत माळाचे तुकडे पाडायचा विषय तुमच्याच नावाने घ्या. माझी आई बोलली तर अध्यक्ष वेळ संपली म्हणतात.

ओढ्याकाठचा
घेतो. १५ ऑगस्टच्या सभेआधी लेखी अर्ज देतो. त्यात भूमिहीनांच्या वाट्याचा विषयही जोडतो. पुरंदरकर, तिथल्या पाणीवाटपाच्या नियमांची प्रत असेल तर इथे टाका.