पहिलं वर्ष नुसतं घर लावण्यात नको

लग्नानंतर म्युनिकला जाणाऱ्या मुलीने पहिलं वर्षभर घर लावावं, नोकरीचं नंतर बघावं, असं वर एकांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्या-कामाचा परवाना) असलेल्याच्या जोडीदाराला जर्मनीत आल्यापासून नोकरी करता येते. व्हिसासाठी ए१, म्हणजे जर्मन भाषेची अगदी पहिल्या पातळीची परीक्षाही लागत नाही. पण म्हणून भाषा टाळू नका! पुण्यात बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनात जमेल तेवढं जर्मन शिकूनच विमानात बसा. कोथरूडहून गेलेल्या माझ्या भाचीला डॉक्टरांची वेळ घ्यायलाही नवऱ्याची वाट बघावी लागायची, आणि तो घरी येईपर्यंत दवाखाना बंद. त्यावरून होणारी चिडचिड आम्हाला इथे फोनवर कळायची. स्वतः बोलायला लागली तशी पोरगी खुलली.

बाकी, रविवारी दुकानं बंद, दूध-भाजी शनिवारीच भरा. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या टाकू नका, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये घातल्या की एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात. ही कामं दोघांनी मिळून करायची.

आणि दोन्हीकडच्या आईवडिलांनो, रोज रात्री व्हिडिओ कॉलचा आग्रह नको. उन्हाळ्यात आपल्याकडे साडेनऊ वाजतात तेव्हा तिकडे सहा, दोघं नुकती घरात शिरत असतात. शनिवार-रविवारी निवांत बोला.