मदत हवी आहे: बचत गटांच्या नकाशातले सगळे ठिपके समुद्रात दिसतायत

खाडीकाठची
सोमवारी बँकेत बैठक आहे आणि नकाशा काही केल्या जमत नाहीये. गटातल्या बायकांची घरं मोबाइलवर नोंदवून घेतली, फाइल क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, मागे ओपनस्ट्रीटमॅप लावला. सगळे ठिपके समुद्रात! काय करू? लवकर सांगा.

मोजणीकाका
कुठला तालुका, कुठलं ॲप, फाइल कसली? काहीच लिहिलेलं नाही. जुन्या टोपोशीटवरून काही उचललंय का? त्या एव्हरेस्ट या जुन्या मोजणी-प्रणालीतल्या असतात. मोबाइल जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ प्रणालीत नोंदवतो, त्यामुळे ठिपके सरकतात. आधी ते तपासा.

खाडीकाठची
गुहागर तालुका, धोपाव्याकडचा भाग. ओडीके कलेक्ट, सीएसव्ही. टोपोशीट नाही हो काका, सगळं मोबाइलवरचंच आहे.

रानवाट
मग एव्हरेस्टचा प्रश्नच येत नाही. घरात बसून नोंद केली असेल. कौलाखाली, माडांच्या गर्दीत अचूकता ढासळते. ओडीके प्रत्येक नोंदीसोबत अचूकतेचा आकडा देतं. २० मीटरच्या वरच्या नोंदी अंगणात जाऊन पुन्हा घ्या.

मोजणीकाका
रानवाट, २० मीटरने एखादं घर सरकेल. अख्खी वाडी समुद्रात कशी जाईल?

सागवेकर
बँकेला नकाशा कशाला हवाय? १९७६ साली मुहम्मद युनूस यांनी बांगलादेशातल्या जोब्रा गावात ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले, ते त्यांच्यात राहून, ओळखून. पाच-पाच जणींचा गट, आठवड्याला बैठक. कर्ज माणसं बघून द्यायचं असतं.

वाडीतली_सखी
दादा, ते मॉडेल वेगळं. युनूस यांच्या ग्रामीण बँकेत कर्ज एकेकीच्या नावावर असतं. आपल्याकडे नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकांना जोडायचं ठरवून सुरुवात केली, त्यात आधी बचत, मग अख्ख्या गटाला कर्ज. त्यातही सगळ्यांना एकच साचा चालत नाही. आमच्या शेजारच्या मोहल्ल्यातल्या बायकांना व्याज घ्यायचं-द्यायचं नाही, म्हणून त्या जमातीतून कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी कर्ज, घेतात. गरज तीच आहे, पण बँकेच्या यादीत त्या कुठेच दिसत नाहीत. ताई, त्यांची घरंही नकाशात घ्या.

मालवणकार
माका एक सांगा, ह्यो नकाशो बँकेच्या सायबाक कित्याक होयो? तेका एकदा वाडीत घेवन या. पाणंद बघल्याबिगर तेका काय समजाचा नाय.

खाडीकाठची
साहेब यायला तयार नाहीत, म्हणूनच नकाशा! बँकेचं म्हणणं, ५ किलोमीटरच्या आत दाभोळला बँक आहेच, वाडीत बँक सखी, म्हणजे गावातच बँकेचे व्यवहार करून देणारी बाई, नेमायची गरज नाही. पण मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. फेरीबोट चुकली की चिपळूणवरून वळसा. हप्ता भरायला गेलेल्या बाईची दिवसाची मजुरी बुडते. हे मला दाखवायचंय. आणि ठिपके अजून समुद्रातच आहेत.

रानवाट
हे आधी लिहायला हवं होतं! मग बँकेभोवती ५ किलोमीटरचं वर्तुळ काढूच नका, तो बँकेचाच मुद्दा होईल. रस्त्याने अंतर मोजा. ओपनस्ट्रीटमॅपवर फेरीचा मार्गही असतो, त्यामुळे फेरी धरून एक आणि फेरी सोडून एक, असे दोन आकडे ठेवा.

नकाशातली_मीरा
सगळे समुद्र म्हणतायत आणि अरबी समुद्रच धरून चाललेत. ताई, नकाशा लहान करून बघा. जवळ कुठला किनारा दिसतोय?

खाडीकाठची
थांबा... नॉर्वे. त्याच्याही उत्तरेला.

नकाशातली_मीरा
अक्षांश-रेखांश उलटे लागलेत. तुमचा अक्षांश साधारण १७.५, रेखांश ७३.१. क्यूजीआयएस एक्सच्या जागी रेखांश मागतं आणि वायच्या जागी अक्षांश. रकान्यांना मराठी नावं असली की ते स्वतः ओळखत नाही, हातानेच निवडावं लागतं. ठिपक्यांचा थर (लेयर) काढून टाका, सीएसव्ही पुन्हा जोडा, एक्समध्ये रेखांश निवडा, ईपीएसजी ४३२६ (डब्ल्यूजीएस ८४ चाच क्रमांक) तसंच ठेवा. फाइलमधला एकही आकडा बदलू नका.

मोजणीकाका
बरोबर. आणि अंतर मोजण्याआधी थर ईपीएसजी ३२६४३ (यूटीएम पट्टा ४३ उत्तर) मध्ये नेऊन ठेवा, म्हणजे मीटरमध्ये हिशेब होईल. कोकण त्याच पट्ट्यात येतं.

खाडीकाठची
आले! सगळे वाडीवर आले. मीराताई, खूप खूप आभार. आता प्रत्येक घरावर कर्जाची रक्कम लिहून गुगल माय मॅप्सवर टाकते, लिंक बँकेला देते.

वाडीतली_सखी
रक्कम नको! लिंक एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते. कुठल्या घरात किती कर्ज आहे हे वसुलीवाल्याला आणि गावातल्या सावकाराला घरबसल्या कळेल. बँकेकडे रकमा आहेतच. वाडीनिहाय गटांची संख्या आणि अंतर, एवढंच ठेवा, आणि घरांऐवजी वाडीचा एकच ठिपका.

खाडीकाठची
पटलं. वाडीनिहाय करते आणि छापूनच नेते. फेरी सोडून रस्त्याचं अंतर कुठल्या प्लगइनने काढू?

रानवाट
ओआरएस टूल्स. मोफत खातं काढून त्याची चावी (एपीआय की, म्हणजे एक कोड) घ्यावी लागते. फेरी टाळायचा पर्याय त्यातच आहे.