बदकांचा सीझन फेब्रुवारीत ढकलावा का? माझं मत: नको

बेंटनव्हिलकर

नोव्हेंबर लागला की आमच्या आर्कान्सात ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी दोनच विषय असतात, फुटबॉल आणि बदकांची शिकार. दोन्हींबद्दल हल्ली रडारडच जास्त. "मॅलर्ड अजून मिझूरीच्या वरच बसलेत, जानेवारी संपत आला तरी खाली उतरत नाहीत, सीझन १५ फेब्रुवारीपर्यंत न्या" हे आता दर हिवाळ्याचं पालुपद झालंय. (मॅलर्ड ही बदकांची एक जात.) मी स्वतः बंदूक धरत नाही. पण शिकारी मित्रांबरोबर पहाटे ब्लाइंडमध्ये (शिकाऱ्यांच्या लपणात) दुर्बीण घेऊन बसतो, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खायची सवय आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: मिसिसिपी खोऱ्यातल्या उड्डाणमार्गावर बदकांच्या शिकारीला सध्या ६० दिवस मिळतात. माणशी दिवसाला सहा बदकं, त्यात मॅलर्ड जास्तीत जास्त चार आणि त्यांतही माद्या दोनच. हे ६० दिवस सप्टेंबरअखेर ते ३१ जानेवारी यांच्यामध्ये कुठे बसवायचे ते राज्य ठरवतं. आर्कान्सा नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुमारास सुरू करतं, मध्ये सुट्ट्या टाकतं आणि ताणून ३१ जानेवारीपर्यंत नेतं. ही शेवटची तारीख २०१९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने (म्हणजे संसदेने) कायद्यातच घातली आहे.

आता हवामान. मॅलर्ड थंडीला भीत नाही, त्याला उघडं पाणी आणि दाणा लागतो. आयोवातल्या शेतात कापणीनंतर सांडलेला मका दिसतोय आणि शेजारचं तळं गोठलेलं नाही, तोवर तो उणे दहातही मजेत राहतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यासाठी निर्देशांकच केला होता: दिवसाचं सरासरी तापमान, सलग किती दिवस गोठणबिंदूच्या खाली, बर्फाची जाडी आणि जमीन सलग किती दिवस बर्फाखाली. हे चारही जुळून आले की थवे हलतात. थंडीची लाट पुढे सरकते, वारा वायव्येचा होतो, आकाश निवळतं आणि संध्याकाळी थवे उठतात. मागून वारा असला तर एका रात्रीत काही शे मैल. काल रिकामं असलेलं आमच्या आर्कान्सातल्या स्टुटगार्ट गावचं भातखाचर सकाळी भरलेलं असतं. नोव्हेंबर १९९५ मध्ये तर एवढी बदकं एकदम निघाली की हवामानाच्या रडारवर थवे दिसत होते. जुने शिकारी अजून त्याच्याच गोष्टी सांगतात.

२०२३-२४ चा हिवाळा अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा नोंदीतला सर्वांत उबदार. म्हणजे तक्रार खोटी नाही. पण उपाय मला पटत नाही. जे बदक उबदार जानेवारीत खाली आलं नाही ते फेब्रुवारीत कशाला येईल? दिवस मोठा होत असतो, बर्फाची रेघ वर सरकत असते, उलट आलेलीसुद्धा परतीला लागतात. फेब्रुवारीत इथे भरपूर मॅलर्ड असतील ते जानेवारी कडक गेला तरच, आणि त्या वर्षी तुम्ही डिसेंबर-जानेवारीत पोटभर शिकार केलेलीच असते. उबदार वर्षी मुदतवाढ निरुपयोगी, थंड वर्षी अनावश्यक.

शिवाय जानेवारीपर्यंत बहुतेक माद्यांच्या जोड्या जमलेल्या असतात. परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायच्या दिवसांत रोज पहाटे गोळीबार नको.

लाफायेटचा लेले

धागाकर्ते छान लिहितात, पण उत्तरेकडे बसून लिहितात. आम्ही लुइझियानात, पंगतीच्या शेवटच्या पानावर. मिनेसोटा, आयोवा, मिझूरी, आर्कान्सा सगळ्यांचं जेवून झालं की वाढपी आमच्याकडे येतो आणि तेवढ्यात ३१ जानेवारी उजाडते.

मुदतवाढ कोण मागतंय? दिवस तेच ६० ठेवा, नुसते सरकवा. नोव्हेंबरात आमच्याकडे डास असतात, मॅलर्ड नसतात. ते दिवस कापा आणि फेब्रुवारीत द्या. १९१६ च्या कॅनडाबरोबरच्या कराराप्रमाणे १० मार्चपर्यंत शिकार चालते, कमाल साडेतीन महिने. म्हणजे ३१ जानेवारी ही काही निसर्गाने आखलेली रेघ नव्हे.

आणि "थंड वर्षी अनावश्यक" हे तर कागदावरचं गणित झालं. हिवाळा सबंध उबदार किंवा सबंध थंड नसतो. तुमच्याच २०२३-२४ मध्ये जानेवारीच्या मध्याला कडाका पडलाच ना? अशा वेळी आर्कान्सातलं उथळ पाणी गोठतं, बदकं आमच्याकडे ढकलली जातात आणि आम्हाला मिळतात जेमतेम दोन आठवडे.

तिसरा_पंख

"सगळी बदकं थंडीने येतात" असं वाचून कोणी जाऊ नये म्हणून: निळ्या पंखांचा टील (हेही एक बदकच, छोटं) कॅलेंडर बघून निघतो. दिवस लहान व्हायला लागला की ऑगस्ट-सप्टेंबरातच दक्षिणेला, बर्फाशी देणंघेणं नाही. म्हणून तर टीलसाठी सप्टेंबरात वेगळा छोटा सीझन असतो. धागा मॅलर्डचा आहे, तसंच वाचावं.

रोचेस्टरची काकू

लेलेभाऊ, आमचं जेवण होतं म्हणता, पण आमच्या मिनेसोटात नोव्हेंबरच्या मध्यानंतर बरीच तळी गोठायला लागतात आणि मासे धरणारे त्या बर्फावर खुर्च्या टाकायची वाट बघत असतात. आमचा सीझन हवामानच संपवतं, कायदा नंतर येतो.

आमच्या गावातलं उदाहरण देते. इथल्या सिल्व्हर लेकमध्ये वीज केंद्राचं कोमट पाणी यायचं, म्हणून तळं हिवाळाभर उघडं. कॅनडा गूज (हंसांची एक जात) हजारोंनी इथेच मुक्काम ठोकायचे, दक्षिणेला जायचं नावच नाही. केंद्र बंद पडलं, तळं गोठायला लागलं आणि हिवाळ्यातली ती गर्दी ओसरली. उघड्या पाण्याची किंमत यावरून कळते.

दुसरं, शिकाऱ्यांना वाईट हवा हवी असते हे ऐकून गंमत वाटते, पण त्याची किंमतही माहीत हवी. ११ नोव्हेंबर १९४०, युद्धविराम दिनाची सुट्टी. सकाळ इतकी उबदार की लोक साध्या जॅकेटवर मिसिसिपीतल्या बेटांवर गेले. दुपारी वादळ आलं, दिवसभरात तापमान पन्नास अंश फॅरनहाइटने कोसळलं. बदकं तर अशी येत होती की कोणाचा पाय निघेना. होड्या उलटल्या, माणसं बेटांवर भिजून गोठली. त्या वादळात एकूण दीडशेच्या आसपास माणसं गेली, त्यात शिकारी पुष्कळ. दुसऱ्या दिवशी विनोनाचा वैमानिक मॅक्स कॉनरॅड छोटं विमान घेऊन अडकलेल्यांना शोधत फिरला आणि डब्यांत सँडविच, व्हिस्की, सिगारेटी घालून खाली टाकत होता. शिकारीचा सर्वांत चांगला दिवस आणि सर्वांत घातक दिवस एकच.

आपटे_कोथरूड

एवढं सगळं वाचून एकच प्रश्न: मारायचंच कशाला? तारीख जानेवारीची की फेब्रुवारीची हा वाद म्हणजे चोरी सोमवारी करावी की मंगळवारी.

आपल्याकडे भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो आणि मंडळींनी एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले, तिथे दगडावर कोरून ठेवलंय. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले परवानेही गेले. आपण थांबलो, काही बिघडलं नाही.

वेडर्सवाला

आपटेकाका, मी शिकार करतो आणि लपवत नाही. सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला दरवर्षी फेडरल डक स्टॅम्प (केंद्र सरकारचं परवान्याचं तिकीट) घ्यावा लागतो, सध्या २५ डॉलर. १९३४ पासून त्या पैशातून साठ लाख एकरांच्या आसपास पाणथळ जागा आणि लगतची कुरणं राखली गेली. बंदुका आणि काडतुसांवर १९३७ च्या कायद्याने कर आहे, तोही वन्यजीवांसाठी राज्यांना जातो. तुम्ही पक्षिप्रेमी मंडळी दुर्बिणीवर किती कर भरता?

आणि ज्या भरतपूरचा दाखला दिलात, तिथलं पाणी महाराजांनी बंधारे घालून शिकारीसाठीच वाढवलं होतं.

आपटे_कोथरूड

स्टॅम्प बंदुकीशिवायही विकत घेता येतो, तो घ्यायला छर्रे लागत नाहीत. भरतपूरबद्दल म्हणाल तर १९८५ मध्ये जागतिक वारसा झालं ते शिकार थांबल्यावर. नंतर तिथे हाल झाले ते पांचना धरणाचं पाणी मिळेना म्हणून, राजेसाहेब बंदूक घेऊन येईनात म्हणून नव्हे.

दुर्बिणीवर कर लावा, मी पहिला भरेन.

भिगवणकर

मालक, आमच्याकडे शिकारीचा सीझन न्हाई, पण सीझन आहे. उजनीचं पाणी हितं सगळं ठरवतं. परतीचा पाऊस लांबला, धरण डिसेंबरातही काठोकाठ भरलेलं असलं की गाळाचे पट्टे उघडे पडत न्हाईत. रोहित (फ्लेमिंगो) मग उशिरा येतात. थापट्या, तलवार बदक, चक्रांग या बदकांनाही उथळ पाणी लागतंय, ते मग लांब लांब पांगतात. पाहुणा पुण्यावरून पहाटे निघून येतो आणि म्हणतो, "पक्षी कमी झालेत." कमी न्हाई झाले, पाणी जास्त झालंय.

आणि गोळीबाराचं म्हणता तर, फोटोवाले काय कमी आहेत? पट्टकदंब हंस निवांत बसलेले असतात, होडीतला साहेब म्हणतो "जरा उडवा की, फ्लाइट शॉट पाहिजे." होडीवाल्याला पैसे मिळतात, तो घालतो होडी थव्यात. तिबेट-मंगोलियावरून हिमालय ओलांडून आलेला पक्षी दिवसातून चारदा उडवला तर त्यानं खायचं कधी? आपटेसाहेब, बंदुकी गेल्या तरी हे राहिलंय. होडीला अंतर ठरवून द्या, ही माझी मागणी.

झाडपाला

मुदत सरकवण्याच्या चर्चेत झाडं कोणी आणली नाहीत म्हणून लिहिते. आर्कान्सातली नामांकित शिकार पाण्याने भरलेल्या जंगलात होते. बायू मीटोसारख्या ठिकाणी हिवाळ्यात ओकच्या बुंध्यांत गुडघाभर पाणी सोडतात, मॅलर्ड झाडांमधून खाली उतरतात आणि तळाशी पडलेली ओकफळं खातात. शिकारी बुंध्याला टेकून उभा राहतो आणि पायाने पाणी हलवत राहतो, म्हणजे वरून बघणाऱ्या बदकांना तिथे आधीच कोणी पोहतंय असं वाटतं.

झाड सुप्तावस्थेत आहे तोवर मुळांना पाणी चालतं. शरदात लवकर भरलं किंवा वसंतात उशिरा सोडलं की लाल ओक जातीची झाडं आधी खंगतात आणि मग मरतात. अनेक वर्षं असं झाल्यामुळे तिथल्या वन्यजीव खात्याला पाणी उशिरा भरायचं धोरण घ्यावं लागलं, त्यावरही शिकारी चिडले होते. फेब्रुवारीत शिकार म्हणजे पाणी आणखी अडवून ठेवायचा दबाव. उबदार वर्षी कळ्या लवकर फुगतात हे विसरू नका. ज्या हवेमुळे तुम्ही तारीख पुढे मागताय, त्याच हवेत झाडाला पाणी आधी सोडायला हवं असतं.

आणि बर्फाइतकाच दुष्काळही मोजा. २०२२ आणि पुन्हा २०२३ च्या ऑक्टोबरात मेम्फिसला मिसिसिपीची पातळी नीचांकाला गेली. दलदली कोरड्या असतील तर आलेलं बदकही थांबत नाही.

लाफायेटचा लेले

झाडपालाताई, मुद्दा मान्य, पण तो आर्कान्साच्या जंगलाचा. आमच्या किनाऱ्यावरच्या दलदलीत ओक कुठले! सगळ्या खोऱ्याला एकच तारीख कशाला?

बेंटनव्हिलकरांना एक प्रश्न. फेब्रुवारीत गोळीबार नको म्हणता, पण स्नो गूजसाठी (पांढऱ्या हंसांसाठी) १९९९ पासून सीझनबाहेरही शिकार करू देणारा खास आदेश आहे, त्याखाली तुमच्याच भातखाचरांत फेब्रुवारीत बार उडतात. तेव्हा जोड्या तुटत नाहीत?

बेंटनव्हिलकर

स्नो गूज इतके वाढले की आर्क्टिकमधला टुंड्रा मुळासकट उपटून खायला लागले, म्हणून तो आदेश. मॅलर्ड काही जास्त झालेले नाहीत. २०२४ च्या मोजणीत एकूण बदकं ३ कोटी ४० लाखांच्या आसपास, दीर्घकालीन सरासरीच्या थोडी खालीच. शिवाय ती शिकार बहुतांशी उघड्या शेतांत होते, मॅलर्ड विसाव्याला बसतात त्या जंगलात नाही. जवळपास काहीच त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही, पण म्हणून आणखी एक भर का घालायची?

वेगवेगळ्या तारखांबद्दल: राज्यांत वेगळ्या तारखांचे झोन आजही आहेत. पण शेवटची तारीख कायद्यात आहे, ती हलवायची तर पुन्हा काँग्रेसकडे जावं लागेल. आणि हवामान बघून ऐनवेळी तारीख ठरवा म्हणाल तर नियमांची चौकट कित्येक महिने आधी ठरते. लोक रजा टाकतात, लॉज बुक करतात, कुत्रे तयार करतात. जानेवारीत कोण जाहीर करणार की यंदा दहा दिवस पुढे?

लाफायेटचा लेले

काँग्रेसने २०१९ मध्ये तारीख घातली तशी बदलताही येईल, तो काही वेद नव्हे. मी कुठे ऐनवेळी म्हणालो? फक्त किनारपट्टीच्या झोनला १५ फेब्रुवारी, दिवस तेच ६०, शेवटच्या दोन आठवड्यांत फक्त नर. जोड्यांची काळजी असेल तर ही अट माझ्याकडूनच.

आणि दोष नुसता हवामानावर टाकू नका. वर मिझूरी-इलिनॉयमध्ये श्रीमंत क्लब मका कापतच नाहीत, उभ्या पिकात पाणी सोडतात आणि गोठू नये म्हणून यंत्राने पाणी ढवळत ठेवतात. कापून पसरलेल्या मक्यावर शिकार केली तर आमिष म्हणून गुन्हा, उभ्या मक्यात केली तर कायदेशीर! बदकाला गरम पाणी आणि भरलं ताट तिथेच मिळतंय. आधी त्यावर बोला, मग आम्हाला फेब्रुवारी नाकारा.